आभाळ पडणार म्हणून भरलेली पिशवी

एकोणऐंशीच्या आखाडात आमच्या गावातल्या कोंबड्यांवर जेवढं मोठं संकट आलं, तेवढं माणसांवर काही आलं नाही, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही उगाच जीव मुठीत धरून बसाल.

झालं असं, की आभाळातून स्कायलॅब पडणार होती. अमेरिकेनं वर सोडलेलं घराएवढं यंत्र म्हणे. ते आता वर टिकेना, खाली यायला निघालं, आणि कुठं पडेल ते सोडणाऱ्यांनाही सांगता येईना. आता बघा, ज्यानं वर फेकलं त्याला खाली कुठं येणार ते माहीत नको? आमच्या गावची पोरं चिंचेला दगड मारायची, तर तो कुणाच्या पत्र्यावर पडणार ते आधीच ओळखून पळत सुटायची. पण रेडिओ आपला रोज सांगायचा, आज पडेल, उद्या पडेल, इकडं पडेल, तिकडं पडेल. मानवतच्या बाजारातून येणारा प्रत्येक माणूस त्यात मूठभर आपलं घालायचा.

मग काय, गाव सुटलं. "मरायचंच हाय तर कोंबडी कुणासाठी ठेवायची?" असं एकानं म्हणलं आणि घरोघरी रस्सा शिजायला लागला. निंदणाला बाया मिळेनात. वर्षानुवर्षं ट्रंकेत घडी न मोडलेली लुगडी नेसून बाया पाण्याला जायला लागल्या. आमच्या शेजारची काकी अंगावर सगळे दागिने घालून शेण गोळा करायची. दागिने म्हणजे काय, चार मणी आणि चांदीच्या पाटल्या, पण तोरा बघावा! मी बारा वर्षांची होते. एवढी मजा मला त्याआधी कधी आली नव्हती, आणि खरं सांगू का, त्यानंतरही फार वेळा आली नाही.

आमच्या घरात मात्र दोन पक्ष पडले होते. एक बाबांचा, एक मायचा. बाबा गावच्या शाळेत गुरुजी. अंधश्रद्धेचा त्यांना असा राग, की मांजर आडवं गेलं तर ते मुद्दाम त्याच वाटेनं दोनदा जायचे. घरीसुद्धा पुस्तकी बोलायचे. "घाबरण्याचे काहीही कारण नाही," असं ते प्रत्येक जेवणाला एकदा म्हणायचे. फार चिडले की मात्र पुस्तक बाजूला पडायचं आणि आमची घरची बोली बाहेर यायची.

आणि माय? माय त्या दिवसांत चक्क गुणगुणायला लागली होती. मायला मी भिताना पाहिलं होतं. दुष्काळाच्या सालात पीठ संपत आलं, की ती गप्प गप्प व्हायची. हे तसलं काही नव्हतं. भाकरी थापताना तिच्या हाताला निराळीच लय आली होती, आणि आम्ही दोघी बहिणी काही उनाडक्या केल्या तरी पाठीत धपाटा बसत नव्हता. त्याचं कारण सांगायचं तर मला आधी एका नळीची गोष्ट सांगावी लागेल.

माझ्या धाकट्या बहिणीच्या नामकरणाला मामा आला होता. मायचा एकुलता एक भाऊ. मायचं माहेर जिंतूरच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. तिथून तो अंगडं-टोपडं, मायला लुगडं, सगळं मानाचं घेऊन आला. बाबांनी बोकड कापला होता. आता आमच्याकडं मटणाच्या जेवणात नळी कुणाच्या ताटात जाते, यावर माणसाचा मान ठरतो. ते पोकळ हाड तोंडाला लावून सुर्रकन ओढलं, की माणूस धन्य. नामकरणाच्या जेवणात ती नळी मामाची, यात बोलण्यासारखं काही नाहीच. आणि बाबांनी काय करावं? तालुक्याहून आलेल्या मोठ्या गुरुजींच्या ताटात नळी वाढली! मामाच्या ताटात नुसते तुकडे. तुकडे भरपूर होते हो, पण नळी नव्हती. मामानं ताटाला नमस्कार केला, हात धुतला आणि उठला. "माझ्या बहिणीच्या घरात माझा मान हाडाएवढा बी न्हाई," असं म्हणून जो गेला तो गेलाच.

बाबा म्हणाले, "एवढ्यावरून जाणाऱ्यानं पुन्हा येऊच नये." मामानं तिकडून निरोप धाडला, "दाजींनी बलावल्याबिगर मी त्यांचा उंबरा चढत नसतो." झालं! दोघंही आपापल्या जागी अडून बसले. आणि आमच्याकडची रीत अशी, की लेकीनं आपण होऊन माहेरी जायचं नाही. भावानं मुराळी होऊन तिला न्यायला यायचं आणि नवऱ्यानं परत आणायला जायचं. मामा येईना, बाबा बोलवेनात, आणि मधल्या मधे माय अडकली. पाच वर्षं तिनं आपल्या आईचं तोंड पाहिलं नव्हतं. दर आखाडाला गावातल्या सुना गाठोडी बांधून माहेरी निघायच्या. माय दारात उभी राहून त्यांना "नीट जा गं" म्हणायची आणि मग आत येऊन भांडी अशी आपटायची, की आमच्या घरात बिनपोच्याचं ताट म्हणून उरलं नव्हतं.

त्यातच त्या उन्हाळ्यात निरोप आला, की आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. सावली दिसते, माणूस नीट ओळखू येत नाही. तो निरोप आला त्या दिवशी मायनं रात्री ताटं आपटली नाहीत, तेव्हा मला भीती वाटली.

तर एका संध्याकाळी, गावातली घबराट घालवायची म्हणून बाबांनी शाळेतला पृथ्वीचा गोल घरी आणला. ओसरीवर शेजारीपाजारी जमवले. गोल गरकन फिरवून ते म्हणाले, "हे निळे ते सगळे पाणी. जमीन किती थोडी आहे, पाहा. तेव्हा स्कायलॅब पडली तर कशात पडणार? पाण्यात! विषय संपला."

विषय कसला संपतोय. चुलीपुढून माय म्हणाली, "पाण्यात पडणार?"

"पाण्यातच."

"नक्की?"

"शास्त्र आहे ते."

माय पदराला हात पुसत बाहेर आली. "मग आपलं गाव कुठं हाय? दुधनेच्या काठाला. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला वढा, मधी आपुण. आन् माझं माहेर? तिथं घागरभर पाण्यासाठी कोसभर हिंडावं लागतंय. माणसाला पाणी घावंना तिथं, त्या स्कायलॅपला कुठून घावंल? लेकरं वाचवायची आसतील तर तिकडंच न्यायला पायजे."

मग काकी म्हणाली, "गुरुजी, तिचं खरं हाय बगा." लगेच दोघंतिघं म्हणाले, खरं हाय, खरं हाय. बाबा म्हणजे आयुष्यभर पोरांना गणित शिकवलेला माणूस, पण बायकोनं घातलेलं हे गणित काही त्यांना सुटेना. त्यांनी समुद्र काय, ओढा काय, सगळं समजावून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी! उलट ज्यांची घरं नदीच्या अगदी काठाला होती, ते लोक त्याच रात्री पाहुण्यांकडं झोपायला गेले. पृथ्वीचा गोल आणून बाबांनी गावाला शहाणं करण्याऐवजी आणखी घाबरवून ठेवलं.

दोन दिवस घरात हाच वाद. शेवटी बाबा म्हणाले, "जायचे कुठेही नाही. पण तुझ्या समाधानासाठी एक पिशवी भरून ठेवू. वेळ आलीच तर बघू."

माय लगेच कबूल झाली. इतक्या लगेच, की मला शंका यायला पाहिजे होती.

पिशवी होती युरियाच्या पोत्याची. मायनं दाभणानं शिवलेली, दोन मजबूत बंद लावलेली. आणि गंमत बघा, पिशवी समोर आली आणि बाबांनाच हुरूप चढला. एकाहत्तरच्या लढाईत गुरुजी लोकांना संकटकाळाचं शिक्षण दिलं होतं. दिवे कसे झाकायचे, जखमेला पट्टी कशी बांधायची, पळायची वेळ आली तर सोबत काय घ्यायचं. पण परभणी जिल्ह्यात विमान कशाला येतंय! ते शिक्षण सगळं तसंच कोरं राहिलं होतं. आता आठ वर्षांनी त्याला वाट सापडली. बाबांनी पिशवी मधोमध ठेवली आणि आम्हा दोघी बहिणींना समोर बसवून धडाच घेतला. बॅटरी. मेणबत्त्या. काडेपेटी, तीही मेणकापडात. दोरी. कापूस आणि टिंचरची बाटली. फुटाणे-गूळ. आणि एक शिट्टी.

"शिट्टी कशाला?" धाकटीनं विचारलं.

"ढिगाऱ्याखाली अडकलो तर वाजवायला," बाबा आनंदानं म्हणाले.

धाकटीनं ती तिथंच वाजवून बघितली. वस्तीतली निम्मी माणसं पडलं पडलं करत बाहेर पळाली.

दुसऱ्या दिवशी बाबा शाळेत गेले आणि मायनं पिशवी पुढ्यात ओढली. मी बघत होते. तिनं आधी दोरी काढली. दोरीच्या जागी गव्हाच्या कुरडयांची थप्पी गेली. मग मेणबत्त्या निघाल्या आणि तिथं शेवया आल्या, धोतराच्या फडक्यात बांधून. मी म्हणलं, "माय, हे काय करायलीस?" तिनं माझ्या हातावर कुरडईचा एक तुकडा ठेवला आणि स्वतःच्या ओठावर बोट. पुढं रोज हेच. टिंचर बाहेर, तिळाची चटणी आत. फुटाणे आम्ही दोघींनी खाल्ले, त्यांच्या जागी सांडगे. आजीसाठी हिरवं लुगडं, मामीला खण, मामाच्या पोराला अंगडं. पिशवी मिटेना, तेव्हा धाकटीला तिच्यावर बसवायचं, मी एक बंद ओढायचा, मायनं दुसरा. हसून हसून आमच्या तिघींच्या पोटात दुखायचं. बॅटरी तेवढी सगळ्यात वर ठेवायची, कारण बाबा रोज संध्याकाळी तपासणी करायचे.

तपासणी म्हणजे पिशवीचं तोंड उघडायचं, बॅटरी लावून बघायची, विझवायची, मान डोलवायची. एकदा त्यांनी पिशवी उचलून बघितली. "वजन वाढल्यासारखे वाटते."

"सादळलं आसंल," माय म्हणाली. "आखाड हाय."

मला तोंडात कोंबायला पदर नव्हता, म्हणून धाकटीची वेणी कोंबली.

मग रेडिओनं सांगितलं, की आता एक-दोन दिवसांचाच प्रश्न आहे. शाळेत पोरं यायची केव्हाच बंद झाली होती. त्या दिवशी सकाळी बाबा उठून बघतात तर आम्ही दोघी वेण्याबिण्या घालून तयार, माय लुगडं बदललेली, आणि पिशवी दारात.

"वेळ आली," माय म्हणाली.

बाबांनी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं बोलूच दिलं नाही. "तुमी माझ्या भावाचा उंबरा चढू नका. मी म्हणत बी न्हाई. देवगाव फाट्याला आमाला जिंतूरच्या गाडीत बसवा आन् माघारी या. पर लेकरांच्या जिवापेक्षा तुमचा मान मोठा हाय का, एवढं सांगा."

"मुराळी नाही आला, तरी तू जाणार?"

"आभाळ पडायलंय, आता कशाचा मुराळी!"

बाबा बराच वेळ मिशी ओढत बसले. मग म्हणाले, "फाट्यापर्यंत येईन. फाट्याच्या पुढे एक पाऊल टाकणार नाही." आणि कपडे घालायला गेले. मायनं माझ्याकडं बघून डोळा मारला. माझ्या मायनं डोळा मारलेला मी आयुष्यात तेवढा एकदाच पाहिला.

मानवतहून सेलू आणि सेलूहून फाटा. एसटीत ज्याच्या त्याच्या मांडीवर बोचकं. सगळा जिल्हा कुठून तरी कुठं तरी निघालेला. कंडक्टर आमची पिशवी सरकवायला गेला आणि म्हणाला, "गुरुजी, ह्यात काय स्कायलॅप भरलंय का?" बाबा ताठ बसून म्हणाले, "संकटकाळचे अत्यावश्यक साहित्य आहे." माय खिडकीबाहेर बघायला लागली, आणि तिचे खांदे नुसते हलत होते.

फाट्याला उतरलो. दोन चहाची हॉटेलं, एक पंक्चरवाला, एक लिंबाचं झाड आणि चारी वाटांना फुटलेला रस्ता. माणसं मात्र बाजारासारखी. आणि सगळी वर बघणारी. वर बघत चालताना एकमेकांवर आदळायची आणि पुन्हा वर बघायची. आमची धाकटीही वर बघत चालली आणि खडीवर सपशेल आपटली. गुडघा फुटला, तिनं भोकाड पसरलं.

बाबांचा चेहरा उजळला. हो, उजळला! आठ वर्षं ज्याची वाट बघितली ती जखम समोर आली होती. "रडू नको, रडू नको," म्हणत ते पिशवीपुढं बसले, बाह्या सारल्या आणि म्हणाले, "टिंचर!"

माय म्हणाली, "आवं, राहू द्या, नुसतं पाणी लावू."

पण बाबांनी बंद सोडले होते. आधी बॅटरी निघाली. मग कुरडया निघाल्या. मग आणखी कुरडया निघाल्या. शेवया. सांडगे. चटणीचा डबा. हिरवं लुगडं निघालं, तेव्हा हॉटेलातली माणसं चहा टाकून बघायला आली. बाबांचा हात कोपरापर्यंत पिशवीत.

"टिंचर कुठाय?"

"जागा न्हाई राहिली."

"मेणबत्त्या?"

"घरी हायत. फडताळात."

"दोरी?"

"दोरीवर धुणं वाळत घातलंय की."

बाबा उठले. एका हातात अख्खी कुरडई. पुस्तक पार बाजूला पडलं. "आभाळ पडायलंय आन् तू कुरडया न्यायलीस? अगं, जीव वाचवायला निघालीस का आखाड पाळायला?"

सगळे हसले. मायही हसली. पण हसता हसताच तिचा आवाज फुटला. "न्हाई निघाले जीव वाचवायला," ती म्हणाली. "मायचे डोळे जायलेत. पार जायच्या आत तिला मी दिसायला पायजे. तुमी दोघं बसा मान धरून. माझी माय आंधळी झाल्यावर काय न्याल मला तिकडं?"

बाबांनी हातातली कुरडई अलगद पिशवीवर ठेवली. हॉटेलातली माणसं हळूच चहाकडं परतली. मला रडू यायला लागलं आणि धाकटीचं रडणं मात्र थांबलं, ती आता सांडगा खात होती.

तेवढ्यात जिंतूरची गाडी आली, फाट्यावरूनच माघारी वळणारी. मायनं भराभरा सगळं पिशवीत कोंबलं, आमचे हात धरले आणि दाराशी गेली. पण चढणार कशी? दारातून एक भलं मोठं गाठोडं बाहेर येत होतं. गाठोड्यामागून एक माणूस. आणि त्या माणसाच्या खांद्याला धरून, पायानं पायरी चाचपत, एक म्हातारी.

"आक्का?" गाठोडंवाला म्हणाला. "तू हितं?"

मामा! मी त्याला मिशांवरून ओळखलं.

"तू कुठं निघालास?" माय म्हणाली.

"तुझ्याकडंच! मायला सोडायला."

"आरं देवा! आमच्याकडं कशाला? आमच्याकडं पाणी हाय, तिथंच पडणार हाय ते!"

"पाण्यात कसं पडंल?" मामा चिडून म्हणाला. "वरून येणारी वस्तू आधी उंच जागंला टेकणार का सखल जागंला? आमचं गाव डोंगरावर. आभाळ आमाला जवळ. तुमी नदीकाठाला खाली. आख्खं गाव सखलाला निघालंय!"

यावर फाट्यावरचे सगळेच तावातावानं बोलायला लागले. निम्मे पाण्याच्या बाजूनं, निम्मे डोंगराच्या. पंक्चरवाला म्हणाला, मग फाटाच बरा, इथं पाणीबी न्हाई आन् डोंगरबी न्हाई. ते सगळ्यांना पटलं. दोघंतिघं जण आपापली बोचकी तिथंच टाकून बसलेसुद्धा.

आजीला या कशाचं काही नव्हतं. ती आवाजाच्या दिशेनं हात पुढं करून उभी होती. "कोन, माझी लेक हाय का?" माय गेली तशी तिनं मायचं तोंड दोन्ही हातांत धरलं, उजेडाकडं वळवलं आणि नाकाला नाक लागेल इतक्या जवळून बघायला लागली. एकदा हा डोळा, एकदा तो डोळा. मग म्हणाली, "हाय. दिसतंय. तीच हाय." आणि मग, "किती वाळलीस गं!"

माय तेव्हा चांगली गरगरीत होती. ती रडत रडत एवढ्या जोरानं हसली, की हॉटेलवाल्याच्या हातातली बशी पडली.

"डोंगर न् फिंगर काय न्हाई," आजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "ह्यो मला आणायलाच तयार न्हवता. मी म्हणलं, आभाळ पडायलंय, मला सखलाला ने. तवा निघाला. मला का मरणाचं भ्या हाय? लेकीला बघायचं व्हतं."

मामा खाली बघायला लागला. बाबाही खाली बघत होते. त्या अख्ख्या फाट्यावर खाली बघणारी माणसं तेवढी दोनच. मामाची योजनाही बाबांच्याच वळणाची होती हो! मानवतच्या स्टँडवर बसून निरोप धाडायचा, आजीला मायच्या हवाली करायचं, आणि उंबऱ्यापर्यंत न जाता माघारी. आता दोघं समोरासमोर उभे. पण आधी जयभीम कोण घालणार? ज्यानं आधी घातला तो हरला. बाबा लिंबाकडं बघतायत, मामा पंक्चरवाल्याकडं. किती वेळ गेला, आणि किती वेळ गेला असता कोण जाणे. पण आमच्या धाकटीला घरात शिकवलेलं होतं, की मोठं माणूस दिसलं की हात जोडायचे. मामाला कधी पाहिल्याचं तिला आठवत नव्हतं. सांडग्याचे हात जोडून ती केकाटली, "जयभीम!"

"जयभीम!" दोघंही एकदमच म्हणाले. सवयच ती. म्हणून झाल्यावर दोघं एकमेकांकडं बघायला लागले. पण आता काय, तोंडातून गेलेलं थोडंच माघारी येतं.

मग हॉटेलवाल्यानं भज्यांची कढई उतरवली नव्हती, त्यात मायनं कुरडया तळल्या. फाट्यावरच्या सगळ्यांना वाटल्या. आजीच्या गाठोड्यातून हुलगे निघाले, सुकवलेल्या गवारीच्या शेंगा निघाल्या, आणि मायसाठी शिवलेली गोधडी. डोळ्यांना दिसत नसताना नुसत्या बोटांनी घातलेले टाके, एक पूर्वेला तर एक पश्चिमेला. माय ती मांडीवर घेऊन बसली ती बसलीच. बाबा आणि मामा एका बाकड्यावर, मधे दोन माणसांची जागा सोडून. पेरणी झाली का. झाली. पाऊस कसाय. बराय. कुरडई फुललीय छान. हो, फुललीय. एवढं बोलायला त्यांना दुपार पुरली.

दिवस कलला. माणसं कमी झाली. रेडिओ काही नवीन सांगत नव्हता. ते वरचं अजून वरच होतं. आता सेलूकडची गाडी येणार, जिंतूरकडची येणार, आणि ज्यानं त्यानं आपापल्या घरी जायचं. मायनं आजीचा हात धरून ठेवला होता आणि ती कुणाकडंच बघत नव्हती. लेक दिसली, आपलं काम झालं, असं म्हणून आजीही माघारी निघाली होती. भेट झाली होती, म्हणजे तक्रारीलाही आता जागा नव्हती. पण तिला उठवत नव्हतं, हे मलाही दिसत होतं.

जिंतूरची गाडी आधी आली. मामानं आजीला उठवलं. माय तिच्यासोबत दारापर्यंत गेली आणि थांबली. तेव्हा बाबा बाकड्यावरून उठले. त्यांनी आमची पिशवी उचलली, गाडीच्या मागच्या शिडीवर चढले आणि ती टपावर टाकली. खाली आले, हात झटकले, आणि मामाकडं न बघता म्हणाले, "कधी आणून सोडताल?"

मामानं पायरीवरून वळून बघितलं.

"आणून न्हाई सोडणार," तो म्हणाला. "रीत हाय. तुमी न्यायला या."

कंडक्टरनं घंटीची दोरी धरली होती, तोही थांबला. बाबांनी एकदा आजीकडं पाहिलं, एकदा मायकडं. माय पदराचं टोक दातात धरून उभी होती.

"येतो," बाबा म्हणाले. "रविवारी येतो."

मग काय विचारता! मायनं आम्हाला आत ढकललं, आजीला खिडकीशी बसवलं, आणि तिच्या अंगावरून वाकून खिडकीतून ओरडायला लागली. "भाकरी टोपल्यात हाय! कोरड्यास काकीकडून घ्या! रातच्याला बाजंवर झोपू नका, बाजंखाली झोपा! डोक्यावर परात घ्या!"

"अगं, काही पडत नाही!" बाबा खालून ओरडले. सगळी गाडी हसत होती आणि बाबाही हसत होते.

गाडी हलली. बाबा धुळीत हात वर करून उभे राहिले, लहान लहान होत गेले. ड्रायव्हर अधूनमधून मान वाकडी करून वर बघत होता, लोकही बघत होते. मायनं एकदाही वर पाहिलं नाही. तिनं आजीच्या खांद्यावर डोकं टेकलं, डोळे मिटले आणि म्हणाली,

"आता पडू दे, काय पडायचं ते."